गाडी बंद केली तरी दिवे चालूच: बिघाड कुठे आणि कसा शोधायचा

गाडीचा बाहेरचा दिवा बंद होत नसेल, तर त्याच्यापर्यंत वीज कुठूनतरी पोहोचतेय. ती स्विचमधून येतेय, रिलेमधून (थोड्या विजेच्या हुकुमावर दिव्याची मोठी वीज चालू-बंद करणारी डबी) येतेय की रिलेच्या पुढे कुठल्या सोललेल्या वायरीतून, हे कळल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं होतं. आधी रिले बदलतात, मग कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळच्या दांड्यांचा), मग कुणीतरी बीसीएम (दिवे, लॉक वगैरे सांभाळणारा गाडीचा कॉम्प्युटर) बदलायला सांगतं, आणि दोन महिन्यांनी दिवे पुन्हा चालू राहायला लागतात. वायरिंगची तपासणी वीस मिनिटांची असते आणि तिला लागतं ते एवढंच: टेस्ट लॅम्प किंवा साधा मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, फ्यूज उपसायचा चिमटा आणि एक टॉर्च.

आधी बॅटरी वाचवा

दिवे आत्ता पेटलेले आहेत आणि काही केल्या विझत नाहीत, तर हाताशी किती वेळ आहे ते पाहू. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. पुढचे-मागचे चार पार्किंग बल्ब प्रत्येकी ५ वॅटचे, नंबर प्लेटचे एक-दोन ५ वॅटचे, म्हणजे २५ ते ३० वॅट. डॅशबोर्डचे दिवे धरून सव्वादोन ते अडीच अँपिअर. कागदावर चौदा तास निघतात, पण बॅटरी निम्मी उतरली की सेल मारायला ताकद उरत नाही. त्यामुळे सहा-सात तास धरा, आणि बॅटरी तीन वर्षांची असेल तर त्याहून कमी. ब्रेकलाइटचे दोन बल्ब २१ वॅटचे. वरचा तिसरा दिवा धरून साडेतीन-पावणेचार अँपिअर, म्हणजे चार तासांनंतर भरवसा नाही. डिपरवर (खालच्या झोतावर) हेडलाइट राहिले तर ५५ वॅटचे दोन आणि पार्किंगचे वर, असे जवळपास १२ अँपिअर जातात. तासा-दीड तासात खेळ संपतो.

फ्यूज किंवा रिले ओळखता येत असेल तर तोच काढा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर आतून नकाशा असतो. ओळखता येत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. निगेटिव्ह आधी सोडवायची आणि जोडताना सगळ्यात शेवटी जोडायची. केबल सोडवण्याआधी किल्ली खिशात आहे ना आणि डिकी उघडी ठेवायची गरज पडेल का, एवढं बघा. डिकी फक्त विजेवर उघडत असेल आणि जॅक, पाने आत राहिले, तर नसता ताप होतो.

एक गोष्ट मात्र करू नका. ब्रेकलाइटचा फ्यूज काढून गाडी रस्त्यावर आणायची नाही. मागच्याला तुमचा ब्रेक दिसणारच नाही. शिवाय अनेक गाड्यांत त्याच फ्यूजवर हॉर्न किंवा हजार्ड असतो, आणि ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर ब्रेकचा सिग्नल मिळाल्याशिवाय पी मधून हलत नाही. सतत पेटलेल्या ब्रेकलाइटने गाडी चालवणंही तितकंच वाईट. घाटात उतरताना मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही खरा ब्रेक कधी मारला ते समजायला मार्गच राहत नाही.

बिघाड नसतानाही दिवे चालू दिसतात

काही गाड्यांची रचनाच तशी असते. लॉक केल्यावर घरापर्यंत उजेड मिळावा म्हणून हेडलाइट तीस सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत चालू राहतात आणि मग आपोआप विझतात. घड्याळ लावून बघा, मगच बॉनेट उघडा.

फक्त एकाच बाजूचा पुढचा-मागचा पार्किंग दिवा चालू असेल, तर इंडिकेटरची दांडी बघा. फोक्सवॅगन, स्कोडा अशा जर्मन रचनेच्या बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद असताना इंडिकेटरची दांडी डावीकडे किंवा उजवीकडे राहिली की त्या बाजूचे पार्किंग दिवे मुद्दाम चालू ठेवतात. अरुंद रस्त्याकडेला उभी केलेली गाडी दिसावी, हा हेतू. दांडी मधोमध आणली की दिवे विझतात. याच कारणासाठी लोकांनी नवीन बॅटऱ्या घेतलेल्या आहेत.

इंजिन सुरू असताना पुढचे डीआरएल (दिवसा लागणारे दिवे) चालू असणं हीही रचना आहे. दुचाकीचं विचाराल, तर १ एप्रिल २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत लागलेलाच असतो. तिथे बंद करायला स्विचच दिलेला नाही. चारचाकीत ऑटो-होल्डने (थांबलेली गाडी आपोआप धरून ठेवणारी सोय) किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझने (पुढच्या गाडीनुसार वेग सांभाळणारी सोय) ब्रेक लावला की पाय पेडलवर नसतानाही ब्रेकलाइट पेटतात. विजेवरच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जोरात रिजनरेशन (मोटर वेग कमी करत बॅटरी भरते ते) झालं तरी तेच होतं.

आणि बऱ्याच जपानी रचनेच्या गाड्यांत किल्ली काढली तरी पार्किंग आणि हेडलाइट स्विचप्रमाणे चालूच राहतात. दार उघडल्यावर फक्त पीं-पीं वाजतं. दाराच्या चौकटीतला छोटा स्विच खराब झाला असेल तर तेही वाजत नाही आणि ‘दिवे आपोआप लागतात’ अशी तक्रार सुरू होते. आतला छताचा दिवा दार उघडल्यावर लागतो का, हे पाहिलं की या शंकेचा निकाल लागतो.

ब्रेकलाइट: आधी पेडलखाली वाका

बंद न होणाऱ्या दिव्यांत सर्वाधिक सापडणारा हाच, आणि दुरुस्ती सर्वांत स्वस्त. ब्रेकलाइटच्या स्विचला बहुतेक गाड्यांत किल्लीची गरज नसते, बॅटरीचा थेट पुरवठा असतो. म्हणून गाडी बंद करून लॉक केली तरी दिवे पेटलेले राहतात.

स्विच पेडलच्या दांड्यावर, वरच्या बाजूला बसवलेला असतो. पाय नसताना पेडल वर येतं आणि स्विचचं बटण दाबून धरतं, त्या वेळी आतले पॉइंट उघडे असतात. पेडल खाली गेलं की बटण बाहेर येतं, पॉइंट जुळतात, दिवा लागतो. म्हणजे दिवा विझवण्यासाठी बटण दाबलेलं राहायला हवं. ज्या ठिकाणी पेडलचा दांडा बटणाला टेकतो तिथे एक भोक असतं आणि त्यात रबराची किंवा प्लास्टिकची छोटी गोटी, म्हणजे स्टॉपर, बसवलेली असते. सात-आठ वर्षांच्या उन्हाने ती कडक होते आणि एक दिवस चुरा होऊन पडते. मग पेडल वर आलं तरी बटण त्या भोकातून आरपार जातं, दाबलंच जात नाही.

खूण अगदी स्पष्ट असते. ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर पांढरे, पिवळे किंवा निळे प्लास्टिकचे तुकडे सापडतात. कार धुणारा ते झाडून टाकतो, म्हणून आधी तिथे बघा.

तपासणी अशी. सीट मागे सरकवा, टॉर्च घेऊन आडवे व्हा, स्विच शोधा. आता बोटाने बटण पूर्ण आत दाबून धरा आणि दुसऱ्याला मागे उभं करा, किंवा रात्री मागच्या भिंतीवरचा लाल उजेड बघा. दिवा विझला, तर स्विच चांगला आहे. स्टॉपर तुटलाय किंवा स्विचचं अंतर बिघडलंय. बटण दाबूनही विझला नाही, तर स्विचचा कपलर (वायरींचा उपसता येणारा जोड) काढा. कपलर काढल्यावर विझला तर स्विच आतून चिकटला, तो बदला. कपलर काढूनही दिवा चालूच असेल तर बिघाड पुढे वायरिंगमध्ये किंवा मागच्या दिव्यात. नव्या गाड्यांसाठी एक अपवाद आहे. काहींत स्विच थेट दिवा लावत नाही, बीसीएमला फक्त कळवतो, आणि कपलर काढला तर बीसीएम ‘ब्रेक दाबलाय’ असंच धरून चालतो. चार वायरींचा स्विच किंवा सेन्सर दिसला तर कपलरच्या चाचणीवर निकाल देऊ नका, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून पेडलचे दोन्ही सिग्नल बघा.

स्टॉपर मॉडेल सांगून मागा. भोकाचा व्यास आणि टोपीची जाडी दोन्ही जुळली पाहिजेत. पेडल हाताने खाली दाबून धरा, गोटीला थोडं साबणाचं पाणी लावा, भोकात दाबा, ‘टक्’ असं बसलं की झालं. रस्त्यात अडकलात तर भोकात बसेल असा छोटा बोल्ट घाला, चपटं डोकं बटणाकडे, पलीकडून वॉशर आणि नट घट्ट. घरी पोहोचेपर्यंत पुरतो. सरसाने नाणं किंवा पत्रा चिकटवण्याचा उपाय करू नका, तो सुटून पेडलमागे अडकला तर ब्रेकच लागणार नाही.

स्टॉपर शाबूत असेल तर अंतर बघा. आटे असलेल्या स्विचला १२ किंवा १४ नंबरचा नट असतो. नट सैल करा, स्विच फिरवून पुढे घ्या. बटण पूर्ण दबलेलं हवं आणि स्विचची आट्यांची नळी व स्टॉपर यांच्यात साधारण १ मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. पाव इंच पेडल दाबलं की दिवा लागला पाहिजे. फिरवण्याआधी कपलर काढा, नाहीतर वायर पिळली जाते. पाव वळण देऊन बसणारे स्विच आणि दाते असलेले, आपोआप अंतर ठरवणारे स्विच एकदाच बसवायचे असतात. दात्यांच्या स्विचचं बटण आधी पूर्ण बाहेर ओढून घ्यावं लागतं, आणि जुना काढून पुन्हा बसवला तर तो नीट धरत नाही.

स्विच हवा त्याहून पुढे घेतला तर तो पेडललाच किंचित खाली ढकलून ठेवतो. अशा वेळी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) पूर्ण मागे येत नाही, तेलाचा दाब अडकून राहतो आणि ब्रेक घासत चालतात. दिवा विझला म्हणून खूश होण्याआधी चार-पाच किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक जास्त गरम लागलं तर स्विच मागे घ्या. पेडल मुळातच पूर्ण वर येत नसेल, तर एकावर एक टाकलेली मॅट, गंजलेली पेडलची पिन किंवा तुटलेली स्प्रिंग शोधा.

मागच्या बल्बमधून उलटी येणारी वीज

पार्किंग लावलं की ब्रेकलाइटही मंद पेटतो, किंवा ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे लागतात, असं असेल तर पेडलकडे जाऊ नका, मागच्या दिव्याचं झाकण उघडा. बहुतेक गाड्यांत तिथे २१/५ वॅटचा दुहेरी फिलामेंटचा बल्ब असतो. एक फिलामेंट तुटून दुसऱ्यावर पडला की दोन्ही सर्किट बल्बच्या आत जोडली जातात. बल्ब बाहेर काढून उजेडासमोर धरला की दिसतं. दुसरं कारण चुकीचा बल्ब. दुहेरी बल्बच्या बाजूच्या पिना वर-खाली असतात, एकेरीच्या सारख्या उंचीवर. जोर लावून एकेरी बल्ब दुहेरी होल्डरमध्ये बसवला की तळाचे दोन्ही कॉन्टॅक्ट एकमेकांना जोडले जातात.

बल्ब ठीक असेल तर अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली परतीची वायर, तपासा. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन दिव्याच्या अर्थच्या वायरीला, आणि दिवा चालू. ०.२ व्होल्टच्या आत आलं पाहिजे. एक व्होल्ट किंवा जास्त आलं तर अर्थचा बोल्ट गंजलाय. वीज परतीची वाट शोधत शेजारच्या फिलामेंटमधून जाते आणि नको तो दिवा लागतो. बोल्ट काढा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, बोल्ट घट्ट करा, वर ग्रीस लावा.

हॅचबॅकमध्ये आणखी एक जागा बघायचीच. डिकीचं दार आणि बॉडी यांच्यामध्ये वायरींची रबरी नळी असते. दार हजारो वेळा उघडून-मिटून आत वायरींची सालं फाटतात आणि शेजारशेजारच्या दोन वायरी एकमेकींना लागतात. डिकी उघडल्यावर दिवा विझतो आणि मिटल्यावर लागतो, असं झालं तर शोध तिथेच संपला.

हेडलाइट आणि पार्किंग: रिले उपसा, सर्किट दोन भागांत तोडा

इथे एकच चाचणी सगळ्यात जास्त सांगून जाते. स्विच बंद, किल्ली काढलेली, दिवा चालू. आता त्या दिव्याचा रिले उपसा.

दिवा विझला नाही, तर वीज रिलेच्या पुढे शिरतेय. पुढे काय आहे ते बघायचं: नंतर बसवलेलं हेडलाइटचं वायरिंग किट, बंपरमागे घासलेली वायर, पाणी शिरलेला कपलर, उंदराने कुरतडलेला गठ्ठा.

दिवा विझला, तर रिले तरी चिकटलाय किंवा रिलेला कुणीतरी ‘लाव’ म्हणून सांगतंय. हे वेगळं करायला रिलेच्या खाचांमध्ये मीटर लावा. ८५ आणि ८६ ही कॉइल (पॉइंट ओढून जुळवणारी तारेची गुंडाळी), ३० वर बॅटरीची वीज, ८७ दिव्याकडे जाते. काही छोट्या रिलेंवर १, २, ३, ५ असे आकडे असतात, त्यात १ आणि २ कॉइलचे. स्विच बंद असताना ८५-८६ च्या खाचांमध्ये १२ व्होल्ट येत असतील तर हुकूम येतोय, रिले निर्दोष आहे. काहीच येत नसेल तर रिलेचे पॉइंट चिकटलेत. हातात घेतलेल्या रिलेवरही कळतं. ३० आणि ८७ मध्ये बीप वाजायला नको. वाजला, तर आत वेल्ड झालाय. कॉइलच्या पिनांमध्ये साधारण ६० ते १२० ओहम येतात. पर्यायी चाचणी म्हणून हॉर्नचा रिले लावून पाहता येतो, पण त्यावरचा नंबर आणि पिनांची मांडणी तंतोतंत सारखी असेल तरच.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर टकटक केल्यावर दिवा विझतो हे खरं, पण त्याने फक्त निदान होतं. तो रिले परत बसवू नका, पुन्हा चिकटणारच.

आता, नवा रिलेही काही महिन्यांत चिकटतो, त्याचं कारण रिलेत नसतं. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापट करंट ओढतो. गाडीचं वायरिंग ६०/५५ वॅटच्या बल्बसाठी असतं आणि त्यावर १००/९० वॅटचे बसवले की प्रत्येक वेळी पॉइंटवर मोठी ठिणगी पडते. एचआयडी (झेनॉन) दिव्यांचे बॅलास्टही, म्हणजे त्यांना वीज पुरवणारे डबेही, सुरू होताना भरपूर ओढतात. दुसरं, कमी बोललं जाणारं कारण म्हणजे कमजोर बॅटरी. सेल मारताना व्होल्टेज फार पडलं की कॉइल पॉइंट घट्ट धरू शकत नाही, ते थरथरतात आणि थरथरतानाच वेल्ड होतात. दिवे चालू ठेवून सेल मारायची सवय असेल तर हे लवकर होतं. तिसरं कारण पाणी. नंतर बसवलेल्या किटचे रिले बहुतेकदा रेडिएटरच्या शेजारी, पिना वर करून लटकवलेले असतात. कोकणातल्या एका पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवा थर चढतो. रिले पिना खाली करून, चाकाच्या पाण्यापासून लांब, स्क्रूने पक्का बसवा.

फ्यूज का उडाला नाही, असा प्रश्न हमखास येतो. दिव्यातून नेहमीइतकाच करंट जातोय, मग फ्यूज कशाला उडेल? यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे अर्थच्या बाजूने चालणारी सर्किटं. बऱ्याच गाड्यांत रिलेच्या कॉइलला प्लस कायम मिळतो आणि स्विच फक्त अर्थ देतो. काही जपानी रचनांमध्ये तर हेडलाइटच्या बल्बलाच प्लस कायम असतो. अशा गाडीत रिले ते स्विच ही वायर कुठे सोलून बॉडीला लागली, की स्विच दाबल्यासारखंच होतं. ठिणगी नाही, फ्यूज नाही, वास नाही, नुसता दिवा लागतो. ओल्या कपलरमधूनही इतपत अर्थ मिळू शकतो की संवेदनशील बीसीएम फसतो. पावसात लागणाऱ्या आणि ऊन पडल्यावर विझणाऱ्या दिव्यांचं हे एक मोठं कारण.

रिलेला हुकूम येतोय असं ठरलं, तर स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं झाकण काढा. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा, आणि पिवळ्या कपलरला हात लावू नका, ते एअरबॅगचे आहेत. कॉम्बिनेशन स्विचचा दिव्यांचा कपलर मोकळा करा, बॅटरी जोडा, दिवे बघा. विझले तर स्विच दोषी. जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधूनच जातो, तिथे पॉइंट जळून प्लास्टिक वितळतं. कपलर तपकिरी पडला असेल तर नुसता स्विच बदलून भागत नाही, कपलरही बदला, नाहीतर सैल पिना नवा स्विच पुन्हा जाळतात. काही वेळा दांडीचं टोक फिरतं पण आतला सरकणारा तुकडा तुटलेला असतो, तो जागचा हलत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आठवडाभर चालेल, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

फक्त अपर (वरचा झोत) चालू राहत असेल तर पासिंगचा पॉइंट बघा. दांडी आपल्याकडे ओढून मारायचा तो फ्लॅश अनेक गाड्यांत स्विच बंद असतानाही चालतो. त्याची स्प्रिंग ढिली पडली की अपर लागून राहतो. दांडी पुढे ढकलून धरल्यावर विझला, तर खात्री झाली.

सेन्सर आणि बीसीएमच्या गाड्या

स्विच ‘ऑटो’वर असतानाच दिवे दिवसा लागत असतील तर आधी डॅशबोर्डवर काय ठेवलंय ते बघा. उजेडाचा सेन्सर काचेजवळ डॅशबोर्डवर काळ्या बटणासारखा असतो, किंवा आरशामागे काचेला चिकटवलेला. त्याच्यावर गणपतीची मूर्ती, मखमली कव्हर, टोलच्या पावत्या किंवा गडद फिल्म आली की गाडीला अंधार वाटतो. सेन्सरवर टॉर्च मारा आणि थोडा वेळ थांबा. विझले तर सेन्सर ठीक आहे, त्याच्यासमोरची जागा मोकळी करा.

नव्या गाडीत डिपर कायम चालू, स्विच कुठेही फिरवला तरी फरक नाही, आणि डॅशबोर्डवर एखादी चेतावणी, असं एकदम झालं तर तो बहुधा सुरक्षेचा मोड असतो. दिव्यांच्या स्विचकडून समजेल असा सिग्नल आला नाही की बीसीएम हेडलाइट चालू ठेवतो, कारण रात्री अचानक अंधार होण्यापेक्षा ते बरं. म्हणून इथे बीसीएमला दोष देण्याआधी स्कॅनरवर स्विचची स्थिती बघा. स्विच फिरवताना स्क्रीनवरचं नाव बदलत नसेल तर स्विच, त्याचा कपलर किंवा त्याची वायर. नाव नीट बदलतंय आणि तरी दिवा जळतोय, तर मग बीसीएममधला रिले किंवा ड्रायव्हर (दिव्याला वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) चिकटलाय. तो रिले बोर्डावर सोल्डर केलेला असतो, उपसता येत नाही. वेगळं युनिट बसवलं तर गाडीला कोडिंग करावं लागतं, तेव्हा जुन्या बाजारातलं तसंच लावून चालत नाही.

बीसीएम काढलाच तर त्यावर पाण्याची खूण आहे का ते आवर्जून बघा. वायपरखालच्या जाळीत झाडाची पानं साचतात, पाण्याची वाट बुजते आणि पाणी आतल्या फ्यूजबॉक्सवर उतरतं. सनरूफच्या नळ्याही अशाच तुंबतात. पिनांवर पांढरी किंवा हिरवी भुकटी असेल तर आधी पाण्याची वाट मोकळी करा. बॅटरी काढून ठेवल्यावर चार दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा सुरू होतं, हे ओलाव्याचं नाहीतर कमजोर बॅटरीचं लक्षण आहे.

एलईडी बल्ब बदलल्यावर दिवे पूर्ण विझत नाहीत, मंद मिणमिणतात, ही वेगळी गोष्ट. बल्ब शाबूत आहे का हे बघायला गाडी अधूनमधून किंचित वीज सोडते. फिलामेंटला ती जाणवत नाही, एलईडीला पुरते. अशा गाडीसाठी बनवलेला बल्ब घ्या किंवा फिलामेंटवर परत या. समांतर रेझिस्टर लावायचाच तर तो धातूच्या पत्र्यावर बसवा. ६ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर २४ वॅट उष्णता काढतो, प्लास्टिकला टेकला तर वितळवतो. ब्रेकलाइटला तो लावूच नये. ट्रॅफिकमध्ये पाय ब्रेकवर बराच वेळ असतो.

चारही इंडिकेटर न लुकलुकता स्थिर पेटून राहिले, तर नंतर बसवलेला सेंट्रल लॉकिंगचा किंवा अलार्मचा डबा संशयित. त्याच्या वायरी इंडिकेटरला जोडलेल्या असतात आणि आत स्वस्त रिले असतो. डब्याचा कपलर काढला की निकाल. रिव्हर्सचा दिवा कायम असेल तर गिअरबॉक्सवरचा स्विच बदला. खालची वॉशर नवी घाला, आणि तो काढताना ऑइल सांडू शकतं म्हणून खाली भांडं धरा.

पुन्हा पुन्हा येतो आणि गॅरेजमध्ये दिसत नाही

असा बिघाड पकडायचा तर तो कधी येतो ते लिहून ठेवा. गाडी धुतल्यावर किंवा पावसानंतर आला तर मागचे दिवे, पुढचे कपलर आणि आतला फ्यूजबॉक्स. खड्ड्यात बसल्यावर आला तर घासणारी वायर किंवा सैल होल्डर. अर्धा तास दिवे लावून चालवल्यावर स्विच बंद होत नसेल तर तापलेला कॉम्बिनेशन स्विच किंवा रिले. दोन दिवस उभी राहिल्यावर आला तर बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या शोधा. त्यांना इंजिनची ऊब आवडते आणि पावसाळ्यात ते जास्त येतात.

कुरतडलेली वायर नुसत्या टेपने गुंडाळू नका. इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा ओली होते. तुटका भाग कापा, त्याच जाडीची वायर जोडा, सोल्डर किंवा चांगला क्रिंप करा, वर डिंक असलेली हीट-श्रिंक नळी तापवून बसवा. शेजारच्या वायरींचे जोड एकाच रेषेत ठेवू नका, दोन-दोन इंच पुढे-मागे घ्या.

काम झाल्यावर नुसते दिवे विझलेले बघून गाडी सोडू नका. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत, बॅटरीची निगेटिव्ह आणि केबल यांच्यामध्ये जोडा. बॉनेटचा लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा, दारं मिटा, किल्ली लांब न्या. सगळी युनिटं झोपायला अर्धा तास द्या. मीटर जोडलेला असताना इग्निशन लावायचं नाही, मीटरचा फ्यूज जातो. अर्ध्या तासानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा हवा. १०० च्या वर असेल तर एक-एक फ्यूज उपसत जा, ज्या फ्यूजला आकडा खाली येईल ते सर्किट अजून जागं आहे. बॅटरी खोल उतरलेली असेल तर फक्त इंजिन चालवून ती भरेल असं समजू नका. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावा, काढल्यावर दोन-तीन तासांनी मोजा. १२.६ व्होल्ट आले तर ठीक, १२.२ च्या खाली राहिली तर दिवे दुरुस्त झाले तरी बॅटरी संपलेली आहे.